लक्कडिया पूल : साबरमतीवरील एका पोलादी कमानीची हकिकत

पुण्याहून प्रथमच अहमदाबादेस आलेल्या मराठी माणसाने जुन्या शहरातील एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या तोंडून 'लक्कडियो पुल' हे नाव ऐकले, की त्याच्या कानाला ओळखीचा स्वर लागतो. मुठेवरचा आपला लकडी पूल त्याला आठवतो. मग तो हौसेने नदीकाठी जातो आणि पाहतो, तर समोर लाकडाची एक फळीही नाही. पोलादी कमानींची रांगच्या रांग या तीरापासून त्या तीरापर्यंत गेलेली! सरकारदरबारी हा 'एलिस ब्रिज', लोकांच्या तोंडी मात्र 'लक्कडियो'.

पुणेकराने यात नवल मानण्याचे कारण नाही. पानिपतानंतरच्या काळात मुठेवर लाकडाचा पूल झाला, पुढे त्या जागी दगडी पूल आला, १९६१ च्या पानशेतच्या महापुराचा तडाखा त्याने सोसला, त्याचे नावही बदलून संभाजी पूल झाले. तरी पुणेकर 'लकडी पूल' म्हणावयाचे सोडीत नाही. अहमदाबादकरांनी तेच केले आहे. पहिला पूल जाऊन दीडशे वर्षे लोटली, पण नाव टिकून राहिले. या शहरात घरे करून राहिलेल्या आपल्या कुटुंबांपैकी बहुतेकांचे नित्याचे जीवन या ना त्या रीतीने या पुलाशी बांधलेले आहे, म्हणून त्याची हकिकत येथे थोड्या विस्ताराने सांगत आहे.

१४११ मध्ये अहमदशहाने वसविलेले शहर साबरमतीच्या पूर्व तीरावर उभे राहिले. त्याचा पहिला बुरूज, माणेक बुरूज, आजही पुलाच्या पूर्व टोकाशी आहे. १७५३ मध्ये रघुनाथराव व दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले आणि मधला काही काळ वगळता १८१७ पर्यंत येथे पेशवे व गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता. गायकवाडांची हवेली नदीच्या याच तीरावर आहे. त्या सर्व काळात पश्चिम तीर म्हणजे शेते, बाग-बगीचे आणि कोचरबसारखी लहान खेडी. आठ महिने नदीत वाळूच अधिक. माणसे व बैलगाड्या पात्रातून उतरून पलीकडे जात. पात्रात कलिंगडाच्या वाड्या होत, रंगाऱ्यांची कापडे वाळत पडत. पावसाळ्यात मात्र ही निरुपद्रवी दिसणारी नदी एका रात्रीत रूप पालटी आणि पैलतीर परदेशासारखा दूर होई.

१८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबईशी आगगाडीने संबंध जुळला. शहर तटाबाहेर वाढू लागले, तशी नदीवरील कायम वाटेची निकड भासू लागली. १८७०-७१ मध्ये इंग्रज अभियंत्यांनी पहिला पूल बांधला. तो लाकडाचा होता व त्याला ५,४९,२१० रुपये खर्च आला. एवढ्या खर्चाच्या पुलाचे आयुष्य किती, तर जेमतेम पाच पावसाळे. २२ सप्टेंबर १८७५ रोजी साबरमतीला महापूर आला आणि दोन गाळे सोडून सारा पूल वाहून गेला.

त्यानंतर सुमारे सतरा वर्षे शहर पुन्हा वाळूतून चालू लागले. नवा पूल १८९२ मध्ये पुरा झाला.

पुलाला नाव मिळाले ते उत्तर विभागाचे आयुक्त सर बॅरो हेल्बर्ट एलिस यांचे. या गृहस्थांचा आपल्याशीही दूरचा संबंध पोहोचतो, कारण मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील त्यांची पहिली नेमणूक रत्नागिरीस झाली होती. पुढे ते सिंधमध्ये गेले, आणि सिंधी भाषेसाठी अरबी वळणाची जी लिपी १८५३ मध्ये मुक्रर झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. फाळणीनंतर अहमदाबादेत आलेल्या सिंधी बांधवांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, की ज्या पुलावरून आपण जातो त्याच्या नावाचा माणूस आपल्या अक्षरांशीही निगडित आहे? एलिस १८८७ मध्ये निवर्तले. नवा पूल त्यांनी पाहिला नाही.

आता पुलाच्या रचनेकडे वळू. पुलाची लांबी सुमारे ४३३ मीटर असून त्यात १४ गाळे आहेत, म्हणजे प्रत्येक गाळा साधारण ३१ मीटरचा. प्रत्येक गाळ्यावर दोन्ही बाजूंस एकेक धनुष्याकृती कमान आहे. मराठीत 'कमान' या शब्दाला दोन अर्थ आहेत : दरवाजावरची कमान आणि तीरकमठ्यातली कमान. या पुलात ते दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. दगडी कमानीचा स्वभाव असा, की वरून भार आला की ती आपले पाय बाहेरच्या बाजूस रेटते. तो रेटा सोसण्यास दोन्हीकडे भरभक्कम बांधकाम आणि खाली कठीण भूमी पाहिजे. साबरमतीच्या तळाशी आहे वाळू. तेव्हा अभियंत्याने कमानीची दोन टोके तळाशी एका आडव्या पोलादी पट्ट्याने बांधून टाकावयाची, जशी धनुष्याची टोके प्रत्यंचेने बांधतात. कमान पाय फाकू पाहते, प्रत्यंचा त्यांना आत ओढून धरते. बाहेरचा रेटा असा जागच्या जागी जिरतो आणि खांबावर उरतो तो केवळ सरळ खाली येणारा भार. वाळूत खोल रोवलेल्या खांबास तेवढा भार सहज पेलतो.

कमानीपासून खाली उतरणारे उभे पोलादी दांडे रस्त्याला वरून तोलून धरतात. त्यांच्यामधल्या तिरक्या पट्ट्या वरवर पाहता शोभेच्या वाटतात, पण त्यांचे काम मोठे आहे. सर्व रस्त्यावर सारखा भार असेल, तर कमान एकटी पुरते. परंतु कापसाच्या गाठींनी भरलेली गाडी गाळ्याच्या एका टोकाशी आली आणि दुसरे टोक मोकळे असले, तर कमान एकीकडे दबून दुसरीकडे फुगू पाहते. तिला तसे करू न देणे हे तिरक्या पट्ट्यांचे काम. शिवाय प्रत्येक गाळा स्वतंत्र. एखादा खांब किंचित खचला, तरी त्याचा ताण शेजारच्या गाळ्यात संक्रांत होत नाही.

या रचनेत आणखी एक गोष्ट साधते, आणि १८७५ चा पूर ज्यांच्या स्मरणात होता त्यांना तिचे मोल वाटले असेल. पुलाचा सांगाडा रस्त्याच्या वर आहे, खाली नाही. त्यामुळे रस्ता फार उंच न नेताही त्याखाली पुराच्या पाण्याला अधिक जागा मिळते. झाडांचे ओंडके, छपरे, काय वाहून येईल ते अडकण्यास तुळयांचे जाळे राहत नाही.

याला लोखंडी पूल म्हणावे की पोलादी, असा प्रश्न पुष्कळदा निघतो. बोलण्यात 'लोखंडी' चालते, पण हा पोलादाचा आहे. इंग्लंडात पुलांसाठी पोलाद वापरण्यास अधिकृत मान्यता १८७७ मध्ये मिळाली आणि स्कॉटलंडमधील फोर्थ नदीवरचा प्रचंड पोलादी रेल्वेपूल १८९० मध्ये पुरा झाला. म्हणजे आपला हा पूल त्या पोलादी युगाच्या अगदी प्रारंभीचा होय. पोलाद बर्मिंगहॅमहून आणविलेले होते.

माल विलायतेचा आला, नाव इंग्रज अधिकाऱ्याचे लागले. बांधणारा मात्र या मातीतला होता. त्यांचे नाव हिंमतलाल धीरजराम भचेच. ही हकिकत सांगण्याचे खरे कारण तेच आहेत. सरकारने पुलासाठी पाच लाखांची तरतूद केली होती. हिंमतलालांनी काम पुरे केले आणि हिशेब सादर केला तो ४,०७,५६४ रुपयांचा. म्हणजे ९२,४३६ रुपये वाचले. वीस वर्षांपूर्वीच्या लाकडी पुलापेक्षाही हा पोलादी पूल जवळजवळ दीड लाखाने स्वस्त पडला!

कोणत्याही काळातल्या कंत्राटाचा अनुभव ज्याला आहे, त्याला पुढे काय झाले असेल याचा तर्क करता येईल. शाबासकी मिळाली नाही, चौकशी लागली. एवढ्या कमी पैशांत पूल होतो, त्या अर्थी माल हलका वापरला असला पाहिजे, असा सरकारला संशय आला आणि एक समिती नेमण्यात आली.

येथे सरकारला केवळ दोष देऊन चालणार नाही. स्कॉटलंडातच टे नदीवरचा रेल्वेपूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री आगगाडीसह कोसळला होता आणि गाडीतील सारे उतारू प्राणास मुकले होते. चौकशीत निघाले ते असे, की पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल तिन्ही सदोष होत्या. ओतीव लोखंडाच्या खांबांत पोकळ्या राहिल्या होत्या आणि त्या बुजवून झाकल्या होत्या. त्या पुलाचे अभियंते टॉमस बाउच यांना राणीने 'सर' करून जेमतेम सहा महिने झाले होते. तेव्हा स्वस्त पुलाकडे साशंक नजरेने पाहावे, असा धडा त्या काळच्या प्रत्येक बांधकाम खात्याने घेतलेला होता. परंतु त्या संशयाला 'नेटिव्ह' अभियंता आणि एवढी बचत, हे दोन्ही एकत्र कसे, असाही एक पदर असावा, असे मला वाटल्यावाचून राहत नाही. तसा दाखला माझ्यापाशी नाही. हा माझा तर्क म्हणूनच वाचकांनी घ्यावा.

समितीने पूल तपासला. काम उत्तम प्रतीचे आहे असा निर्वाळा दिला. पुढे सरकारी पैसा वाचविल्याबद्दल हिंमतलालांना 'रावसाहेब' ही पदवी मिळाली. बाउच यांचा गौरव आधी झाला आणि चौकशी मागाहून. भचेच यांच्या वाट्याला चौकशी आधी आली.

पूल झाला आणि शहराने नदी ओलांडली. गांधीजींनी २५ मे १९१५ रोजी आपला पहिला आश्रम काढला तो पलीकडच्या कोचरबला. पुढे पश्चिम टोकाशी वाडीलाल साराभाई रुग्णालय, माणेकलाल जेठाभाई पुस्तकालय आणि टाउन हॉल उभे राहिले. त्या सर्व भागालाच लोक 'एलिसब्रिज' म्हणू लागले. पुलाने वस्तीला नाव दिले, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या पत्त्यात ते आजही आहे.

पूर्व टोकाशी एक जागा अशी आहे, की जेथे मराठी माणसाने क्षणभर थांबावे. तेथील व्हिक्टोरिया बागेत लोकमान्यांचा पुतळा आहे. सरदार पटेल नगरपालिकेचे अध्यक्ष असताना त्यांनी राणीच्याच नावाच्या बागेत तो बसविण्याचा निश्चय केला. इंग्रज अधिकाऱ्यांचा विरोध त्यांनी जुमानला नाही, आणि २८ फेब्रुवारी १९२९ रोजी गांधीजींच्या हस्ते अनावरण झाले. लोकमान्य खुर्चीत बसलेले आहेत. आता ती लोकमान्य टिळक बाग आहे.

पुढे साबरमतीवर आणखी पूल झाले, पण रोजच्या गर्दीचा भार बराच काळ या अरुंद पुलानेच वाहिला. त्याच्या खाली पात्रात रविवारचा बाजार भरे. जुनी पुस्तके, घड्याळांचे भाग, भांडी, काय म्हणाल ते तेथे मिळे. १९७३ च्या पुरात पूल टिकला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या दोन्ही अंगांस काँक्रीटचे दोन पूल उभारण्यात आले आणि त्यांना स्वामी विवेकानंदांचे नाव दिले गेले. मधल्या जुन्या पुलावरची वाहने थांबली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपातही तो जागचा हलला नाही. २०१२ च्या सुमारास तो पाडून त्या जागेचा उपयोग नव्या वाहतुकीसाठी करावा, असा विचार पुढे आला होता. लोकांनी हरकत घेतली आणि तो मागे पडला. साबरमतीत नर्मदेच्या कालव्याचे पाणी आल्यापासून तिचे पात्र बारमाही भरलेले दिसते, काठ बांधले गेले आहेत, आणि रविवारचा बाजार काठावरच्या नव्या जागेत गेला आहे.

२०२४ मध्ये या पुलाच्या जीर्णोद्धारासाठी ३२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर झाली. पुलाच्या पायाभरणीची पाटी संस्कार केंद्रातल्या संग्रहात जपून ठेवली आहे. संस्कार केंद्र पुलाच्या पलीकडच्या तीरावर, पालडीकडे आहे. तेथे जावयाचे तर जुन्या शहरातल्या माणसाने एलिस ब्रिजवरूनच जावे, आणि मधल्या कमानींकडे नजर टाकावी.