विशिष्ट ऊर्जावापर (उद्योग)

विशिष्ट ऊर्जावापर म्हणजे उत्पादनाच्या एका एककामागे खर्च झालेली ऊर्जा होय. निर्मिती उद्योगांतील ऊर्जावापर मोजण्याचे हे सर्वाधिक प्रचलित परिमाण आहे. ठरावीक काळात कारखान्यात वापरलेल्या एकूण ऊर्जेला त्याच काळातील उत्पादनाने भागले असता ते मिळते. सूत्र साधे असले तरी त्यातील अंश आणि छेद निश्चित करणे अवघड असते. भारतात या आकड्यावर काही कारखान्यांची कायदेशीर जबाबदारी ठरत असल्याने हा प्रश्न केवळ हिशोबाचा राहिलेला नाही.

एकके व रूपांतर

कारखान्यात कोळसा टनांत, नैसर्गिक वायू घनमीटरांत आणि वीज किलोवॅट-तासांत मोजली जाते. त्यांची बेरीज करण्यासाठी सर्व ऊर्जा एकाच एककात आणतात. भारतात त्यासाठी 'टन तेल समतुल्य' हे एकक रूढ असून १ टन तेल समतुल्य म्हणजे १ कोटी किलोकॅलरी. कोळशाचे वजन काट्यावर होते, पण त्याचे उष्मांक मूल्य प्रयोगशाळेत बाँब कॅलरीमापकाने ठरवावे लागते. नमुना नीट घेतला नाही किंवा ओलाव्याची नोंद चुकली, तर विजेचे मीटर कितीही अचूक असले तरी एकूण आकडा चुकतो.

विजेच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. १ किलोवॅट-तास वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. परंतु ती औष्णिक केंद्रात निर्माण करण्यासाठी साधारणतः २,५०० किलोकॅलरी किंवा त्याच्या आसपास उष्णतेचे इंधन जळते. कारखान्याने स्वतःचे वीजकेंद्र बंद करून बाहेरून वीज घेतली आणि ती ८६०च्या दराने धरली, तर यंत्रसामग्रीत काहीही सुधारणा न होता ऊर्जावापर घटल्याचे दिसते. म्हणून मोजमापाची सीमा आधी ठरवावी लागते. बहुधा कारखान्याच्या आवारात येणारी व बाहेर जाणारी ऊर्जाच हिशोबात घेतात आणि विजेच्या स्रोतांतील बदलासाठी वेगळी दुरुस्ती करतात.

उत्पादनाचे स्वरूप

सिमेंट हे याचे बोलके उदाहरण आहे. सिमेंट उद्योगातील बहुतेक उष्णता भट्टीत क्लिंकर तयार करताना खर्च होते. समजा, एका भट्टीत १ किलो क्लिंकरमागे ७३० किलोकॅलरी लागतात. ९५ टक्के क्लिंकर असलेल्या साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये हा खर्च किलोमागे सुमारे ६९४ किलोकॅलरी होतो. राख मिसळून क्लिंकरचे प्रमाण ६५ टक्क्यांवर आणले की तो सुमारे ४७५ वर येतो. भट्टी तीच, कार्यक्षमताही तीच. त्यामुळे सर्व प्रकारचे उत्पादन एका मुख्य उत्पादनाच्या समतुल्य परिमाणात मांडूनच तुलना केली जाते. कापड उद्योगात सूत, विणलेले कापड आणि रंगाई अशी भिन्न कामे एकाच आवारात चालत असल्याने हे रूपांतर अधिकच किचकट ठरते.

भाराचा परिणाम

दिवे, पंखे, संपीडित हवेची गळती, तापवून ठेवलेली भट्टी यांचा खर्च उत्पादन घटले तरी फारसा कमी होत नाही. एखाद्या कारखान्याचा स्थिर खर्च वर्षाला २०० टन तेल समतुल्य आणि चल खर्च उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे ०.१० मानला, तर १०,००० टन उत्पादनावर विशिष्ट ऊर्जावापर ०.१२ येतो, तर ५,००० टनांवर ०.१४. मंदीच्या वर्षातील आकड्यावरून कारखान्याला अकार्यक्षम ठरवणे त्यामुळे योग्य नव्हे. मासिक ऊर्जावापर आणि उत्पादन यांचा आलेख काढून हा स्थिर भाग वेगळा करता येतो. लहान कारखान्यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे, कारण तिला नवे उपकरण लागत नाही.

भारतातील उपयोग

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ नुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. महाराष्ट्रात या अधिनियमाची अंमलबजावणी महाऊर्जा ही संस्था पाहते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' (पॅट) योजनेत मोठ्या ऊर्जाग्राहक कारखान्यांना विशिष्ट ऊर्जावापर घटवण्याचे लक्ष्य दिले जाते. लक्ष्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्यांना विक्रीयोग्य प्रमाणपत्रे मिळतात. मागे पडणाऱ्यांना ती विकत घ्यावी लागतात. २०१२–१५ च्या पहिल्या चक्रात आठ क्षेत्रांतील ४७८ घटक होते. सुमारे ६६.९ लाख टन तेल समतुल्य लक्ष्याच्या तुलनेत सुमारे ८६.७ लाख टनांची बचत नोंदवली गेली.

२०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत ऊर्जेऐवजी उत्पादनाच्या एककामागील हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजले जाते. छेदस्थानी उत्पादनच असल्याने समतुल्य उत्पादनाचा हिशोब तेथेही करावा लागतो.