देठासकट टांगलेला टोमॅटो

टोमॅटो घरात जास्त दिवस टिकावा म्हणून काय करावे, असे कुणालाही विचारा. उत्तर बहुधा जागेचे मिळते. फ्रिजमध्ये ठेवा, परडीत पसरा, कागदात गुंडाळा. भूमध्य समुद्राकाठच्या शेतकरी घरांचा इतिहास मात्र सांगतो, की टोमॅटो किती टिकणार हे तो घरात येण्याआधीच, बी राखताना आणि तोडणी करताना ठरत असे. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावर ‘पिएन्नोलो’ नावाचा लहान, टोकाला चोच असलेला टोमॅटो होतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे अख्खे घोस देठासकट कापतात, वाखाच्या दोराच्या कड्याभोवती एकावर एक गुंफतात आणि हवेशीर जागी छताला टांगतात. अकिले ब्रुनी यांनी १८५८ मध्ये नेपल्सच्या भाजीपाल्यावर लिहिताना या छोट्या टोमॅटोंची नोंद केली आहे: घोस बांधून माळ्यावर टांगले, तर ते वसंतापर्यंत उत्तम राहतात. तोडणीपासून मोजले तर हे सात-आठ महिने होतात, आणि तेही वाळवण किंवा लोणचे न करता, ताज्या फळाच्या रूपात.

ही करामत कोरड्या हवेची, असा आक्षेप कुणी घेईल. पण नेपल्सचा पावसाळा शरद आणि हिवाळ्यात असतो, म्हणजे हे घोस टांगलेले असतात नेमका तेव्हाच. शिवाय त्याच टापूत, सार्नो नदीच्या सपाट खोऱ्यात, सान मार्झानो हा प्रसिद्ध टोमॅटो पिकतो. हवा तीच, माणसेही तीच. पण तो गेला डब्यात आणि रश्श्यात, छताला नाही. फरक वाणाचा आहे. पिएन्नोलोची साल जाड, गर घट्ट, आणि कमी पाण्यावर वाढल्यामुळे अंगात पाण्याचा अंश कमी. त्यात देठाचा मुद्दा फार महत्त्वाचा. टोमॅटोच्या सालीला श्वास घेण्याची छिद्रे नसतात. त्याची हवेची देवाणघेवाण आणि पाण्याची गळती मुख्यतः देठ तुटलेल्या खाचेतून होते, आणि बुरशीलाही तिथूनच वाट मिळते. घोस अख्खा कापला की ही जखम होतच नाही. आता हे गुण आले कुठून? टोमॅटो मुळात अमेरिकेतला, युरोपात पोचला सोळाव्या शतकात. घरचे बी राखणाऱ्याच्या हाती वसंतातल्या पेरणीला टांगलेल्यांपैकी न सडता उरलेलीच फळे असणार. छताने दरवर्षी बियाण्याची निवड केली, असे म्हणायला हरकत नाही. कातालोनियात याला पुरावाही आहे. तिथल्या ‘पेन्जार’ म्हणजे टांगायच्या टोमॅटोत पिकणे मंदावणारा जनुकबदल सापडला आहे. तो ओळखला जातो पोर्तुगालमधल्या आल्कोबासाच्या नावाने, कारण तिथल्या गावठी वाणातही तोच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टिकाऊ टोमॅटो बेचव असतो, हा अनुभव जगभरचा आहे आणि तो खोटाही नाही. पिकणे रोखणाऱ्या ‘रिन’ या जनुकबदलाचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे दूरच्या बाजारासाठी त्याच्यावर आधारलेले संकर निघाले आणि रंग व सुवास दोन्ही उणावले. पेन्जारमधला बदल वेगळा आहे, आणि त्याचे गिऱ्हाईकही वेगळे होते: वाहतूकदार नव्हे, हिवाळ्यात पावावर टोमॅटो चोळून खाणारे घर. ज्याला चव कळते तोच बी निवडत होता, हे इथे निर्णायक ठरले. भर उन्हाळ्यातल्या रसदार टोमॅटोची सर त्याला येत नाही, हे कबूल. तो जानेवारीचा टोमॅटो आहे. डबाबंद टोमॅटो आल्यावर ही रीत संपायला हवी होती, हेही खरे वाटते. फ्रान्चेस्को चिरिओ यांनी तूरिनमध्ये १८५६ मध्येच डबाबंदीचा धंदा सुरू केला होता. पण डब्यात मिळतो तो शिजलेला टोमॅटो. ताज्याची जागा त्याला घेता आली नाही, आणि २००९ मध्ये पिएन्नोलोला युरोपीय संघाचे संरक्षित नामांकन मिळाले.

आपल्याकडे ही रीत उचलून आणण्यात अर्थ नाही. लसणाच्या जुड्या आपण टांगतोच, पण मंडईतला टोमॅटो बहुतेक सुटा आणि देठ तुटलेला येतो, आणि महाराष्ट्रात टोमॅटो जवळजवळ बारमाही पिकत असल्याने तो महिनोन्महिने राखण्याची गरजही नव्हती. फ्रिजबद्दल मात्र एक ठोस गोष्ट ठाऊक आहे: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात ५ अंश सेल्सियसला आठवडाभर ठेवलेल्या पिकल्या टोमॅटोचा सुवास घटला आणि बाहेर काढूनही पुरता परतला नाही. वैशाखात विदर्भातल्या स्वयंपाकघरात टोमॅटो ओट्यावर ठेवा असे सांगणे अर्थात वेडेपणाचे. तिथे फ्रिजच बरा. एरवी घट्ट आणि जमल्यास देठासकट टोमॅटो घ्यावेत, सुटे असतील तर देठाची बाजू खाली करून एका थरात मांडावेत, आणि चार दिवसांत संपतील एवढेच आणावेत.