हार्मोन्स आणि अंतःस्रावी ग्रंथी: शरीराचा हिशोब कसा चालतो आणि गोळी मनाने का बंद करू नये

“डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू ना?” थायरॉईडची गोळी घेणाऱ्या रुग्णांकडून मंचरच्या दवाखान्यात हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. प्रश्न चुकीचा नाही. ताप गेला की तापाची गोळी आपण थांबवतोच. पण हार्मोनच्या औषधांचे गणित वेगळे असते. ते समजण्यासाठी आपल्या शरीरातल्या ग्रंथी काम कसे करतात, हे आधी पाहू.

हार्मोन म्हणजे काय?

हार्मोनला मराठीत संप्रेरक म्हणतात. ही शरीरातच तयार होणारी रसायने आहेत. एका ठिकाणची ग्रंथी ती थेट रक्तात सोडते आणि दूरच्या अवयवाला त्यातून निरोप मिळतो. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथींचा स्राव नळीतून बाहेर पडतो. हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींना अशी नळी नसते, म्हणून त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात.

हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरते, पण ज्या पेशींवर ते ओळखणारी जागा असते तिथेच काम करते. कुलपाला ठरलेलीच किल्ली लागते, तसे हे आहे. त्याचे प्रमाण अगदी सूक्ष्म असते. त्यामुळे थोडे कमी-जास्त झाले तरी वजन, झोप, पाळी, मनःस्थिती आणि हृदयाचे ठोके यांवर परिणाम दिसतो.

मुख्य ग्रंथी आणि त्यांची कामे

- हायपोथॅलॅमस: मेंदूचा छोटा भाग. भूक, तहान, शरीराचे तापमान यांवर लक्ष ठेवतो आणि पिट्युटरीला सूचना देतो.
- पिट्युटरी किंवा पियुषिका ग्रंथी: मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी. थायरॉईड, ॲड्रिनल, अंडाशय आणि वृषण यांना कामाला लावते. उंची वाढवणारे आणि अंगावरच्या दुधाचे हार्मोनही इथेच बनते.
- थायरॉईड: गळ्यात पुढच्या बाजूला. शरीराचा वेग ठरवते. तिला आयोडीन लागते.
- पॅराथायरॉईड: थायरॉईडच्या मागे, साधारणपणे चार. रक्तातले कॅल्शियम सांभाळतात.
- ॲड्रिनल: दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक. कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन आणि क्षारांचा तोल राखणारे हार्मोन तयार करतात.
- स्वादुपिंड: पोटात, जठराच्या मागे. पाचक रसासोबत इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन बनवते.
- अंडाशय आणि वृषण: वयात येणे, पाळी, गर्भधारणा, दाढी-मिशा, स्नायू यांच्याशी संबंधित हार्मोन्स बनवतात.

प्रमाण कसे सांभाळले जाते?

घरावरच्या पाण्याच्या टाकीत एक चेंडू असतो. पाणी कमी झाले की तो खाली जातो आणि नळ सुरू होतो. टाकी भरली की चेंडू वर येतो आणि पाणी थांबते. ग्रंथींचे काम बरेचसे असेच चालते.

थायरॉईडचे हार्मोन रक्तात कमी झाले की पिट्युटरी टीएसएच नावाचे हार्मोन जास्त सोडते. थायरॉईडला तो हुकूमच असतो: काम वाढव. हार्मोन पुरेसे झाले की टीएसएच उतरते. म्हणूनच थायरॉईड मंदावले की रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेले दिसते. “टीएसएच वाढले म्हणजे थायरॉईड वाढले” असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा अर्थ नेमका उलटा असतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तुमची थायरॉईड ग्रंथी कमी पडते, ती उणीव गोळी भरून काढते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणजे गोळी तिचे काम नीट करते आहे. ती बंद केली तर बरेच दिवस काही जाणवत नाही, कारण हे हार्मोन रक्तातून हळूहळू कमी होते. मग थकवा, बद्धकोष्ठता, अंगावर सूज, थंडी सहन न होणे असे सगळे परत सुरू होते. काहींचा त्रास तात्पुरता असतो, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर होणारी थायरॉईडची सूज. अशा वेळी गोळी थांबवता येते, पण तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

गोळी घेताना एवढे लक्षात ठेवा:

- सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नको.
- कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्या.
- डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. त्याआधी केलेल्या तपासणीतून खरे चित्र कळत नाही.
- गरोदर राहिल्यास गोळी थांबवू नका. लगेच डॉक्टरांना भेटा, कारण तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी हे हार्मोन लागते.

स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरा आणि ते झाकणाच्या डब्यात ठेवा. सुटे खडेमीठ घेत असाल, तर त्यात आयोडीन असेलच असे नाही.

इन्सुलिन आणि “बारीक आहे, मला कशी शुगर?”

जेवणानंतर रक्तातली साखर वाढते, तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि साखर पेशींमध्ये जाते. उपाशी असताना ग्लुकॅगॉन यकृतातली साठवलेली साखर रक्तात आणते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. टाइप २ मध्ये ते बनते, पण पेशी दाद देत नाहीत. स्वादुपिंड अनेक वर्षे जास्त काम करते आणि मग थकते.

शेतात राबणारी, अंगाने बारीक माणसे शुगरचा रिपोर्ट पाहून चकित होतात. याचे एक कारण आपल्या पुणे जिल्ह्यातच अभ्यासले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण चरबीचे प्रमाण जास्त, अशी ही ठेवण. चरबी जास्त आणि स्नायू कमी असले की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, पोटाचा घेर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल, किंवा आई-वडिलांना मधुमेह असेल, तर बारीक असलात तरी शुगर तपासा. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन मात्र एक दिवसही बंद करू नका. मूल आजारी आहे, जेवत नाही, तरीही पूर्ण बंद नाही. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

गुडघेदुखीच्या पुड्या आणि झोपी गेलेली ॲड्रिनल

हा भाग कृपया घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

साठीच्या पुढच्या एक आजी गुडघेदुखीसाठी दोन वर्षे नाव नसलेल्या पुड्या घेत होत्या. दुखणे पहिल्या दिवशीच थांबले होते, भूकही वाढली होती. हळूहळू चेहरा गोल झाला, हातापायांवर काळेनिळे डाग पडू लागले. कोणीतरी “हे वाईट औषध आहे” म्हणाले आणि त्यांनी पुड्या एकदम बंद केल्या. काही दिवसांनी उलट्या, कमालीचा अशक्तपणा आणि उतरलेला बीपी अशा अवस्थेत मुलाने त्यांना आणले. वेळेवर उपचार झाले म्हणून त्या वाचल्या.

अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेले असते. स्टेरॉईड म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच औषध. बाहेरून ते भरपूर मिळाले की टाकी भरलेली आहे असे पिट्युटरीला वाटते आणि ती ॲड्रिनलला हुकूम देणे थांबवते. काम नसल्याने ॲड्रिनल आक्रसते. मग औषध एकदम थांबले की बाहेरचेही नाही आणि घरचेही नाही, अशी अवस्था होते. कॉर्टिसॉलशिवाय शरीराला ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रियेचा ताण झेपत नाही.

म्हणून:

- नाव, घटक आणि कंपनी न लिहिलेली पुडी किंवा गोळी घेऊ नका.
- आधीच घेत असाल तर लाजू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे या. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका. डॉक्टर योग्य औषध ठरवून डोस पायरीपायरीने उतरवतील.
- दमा, संधिवात, किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉईड अनेकदा जीव वाचवते. ते भीतीपोटी सोडू नका. दम्याच्या पंपातला डोस खूप कमी असतो.
- स्टेरॉईड सुरू असल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवा. ताप, अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी डोस वाढवावा लागू शकतो.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

- स्टेरॉईड घेणाऱ्या किंवा नुकतेच बंद केलेल्या व्यक्तीला उलट्या, चक्कर, गुंगी किंवा खूप अशक्तपणा आला तर.
- मधुमेही व्यक्ती जोरजोरात श्वास घेऊ लागली, पोटात दुखून उलट्या होऊ लागल्या किंवा ती बरळू लागली तर.
- घाम, थरथर, गोंधळ अशी साखर कमी झाल्याची लक्षणे दिसली तर. शुद्धीवर असल्यास आधी साखरपाणी द्या. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नका.

१०८ वर फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. मंचर परिसरात असाल तर उपजिल्हा रुग्णालय आहे.

थोडक्यात

गोळी सुरू करताना जसे डॉक्टरांना विचारता, तसेच बंद करतानाही विचारा. पुढच्या भेटीला येताना रिपोर्टसोबत घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणा, पुड्यासुद्धा. तुम्ही नेमके काय घेता, हे आम्हाला त्या पिशवीतूनच नीट कळते.