हाक गल्लीबाहेर जात नाही

गेल्या सोमवारी हापिसच्या नव्या मजल्यावर एक गंमत झाली. गंमत आमच्यासाठी, नुकत्याच जॉईन झालेल्या चार पोरांसाठी नाही. त्यांचं लॉगिनच होईना. 'लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही' असा मेसेज. हेल्पडेस्कने तीनदा पासवर्ड बदलून दिला, वर "नीट टाइप करा" असंही ऐकवलं. शेजारचे जुने लोक मजेत काम करत होते, म्हणजे चूक पोरांचीच! आमच्याकडे हजेरी लॉगिनच्या वेळेवरून लागते. चौघांचाही हाफ डे गेला.

नवा मजला म्हणजे नवा सबनेट, हे ऐकलं तेव्हाच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. कारण हे दुखणं आपल्या वयापेक्षा जुनं आहे. तर मंडळी, जरा मागे जाऊ.

१९८३ साली सायटेक नावाच्या कंपनीने आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी नेटबायॉस बनवलं. एका तारेवर थोडेसेच पीसी असणार, मग पत्ते लिहून ठेवायचे कशाला? वाड्याच्या चौकात उभं राहून "अहो जोशी, आहात का?" म्हणायचं, असतील तर ओ देतील. ब्रॉडकास्ट म्हणतात ते हेच.

त्याच सुमारास विद्यापीठांची गरज नेमकी उलटी होती. बाहेरच्या जगाला नेटवर्क एकच दिसावं, पण आत त्याचे तुकडे पाडता यावेत. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगलने ऑक्टोबर १९८४ मध्ये यावर आरएफसी ९१७ लिहिलं, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये जॉन पोस्टेलबरोबर आरएफसी ९५०. सबनेट मास्क तिथून आपल्या मागे लागला. तुकड्यांच्या मध्ये राउटर बसतो आणि तो ब्रॉडकास्ट पुढे सोडत नाही. सोडायला लागला तर तुकडे पाडून उपयोग काय?

म्हणजे एकाने वाड्यात भिंती घातल्या आणि दुसरा अजून चौकातूनच हाका मारतोय. १९८७ च्या आरएफसी १००१ आणि १००२ मध्ये नेटबायॉस टीसीपी/आयपीवर आणताना नावं सांगणाऱ्या सर्व्हरची सोय कागदावर केली होती. पण छोट्या हापिसात हाका मारून भागत होतं, तोवर तिकडे बघतो कोण!

१९९३ मध्ये विंडोज एनटी आलं आणि लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलर शोधणं आलं. कंट्रोलर राउटरच्या पलीकडे असला की हाक वाया. त्यावर उपाय म्हणजे एलएमहोस्ट्स ही साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक पीसीवर हाताने लिहायची. सर्व्हरचा आयपी बदलला की पुन्हा सगळ्या टेबलांची प्रदक्षिणा. १९९४ च्या एनटी ३.५ मध्ये विन्स आलं: एका ठरलेल्या पत्त्यावर सगळ्यांनी नाव नोंदवायचं आणि तिथेच चौकशी करायची. थेट पत्त्यावर पाठवलेलं पाकीट राउटर अडवत नाही. एवढी साधी गोष्ट. पण पीसीला विन्सचाच पत्ता चुकीचा दिला, की पुन्हा बोंब.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आलं आणि हे काम डीएनएसकडे गेलं. 'या डोमेनचं लॉगिन कोण बघतं?' याचं उत्तर एसआरव्ही रेकॉर्ड देतो. (त्याचं सध्याचं आरएफसी, २७८२, त्याच महिन्यातलं.) आजही हेच चालू आहे.

आता आमचा मजला. नव्या सबनेटच्या डीएचसीपीमध्ये कुणीतरी कंपनीच्या डीएनएसऐवजी बाहेरचा पब्लिक डीएनएस टाकला होता. त्याला आमच्या डोमेनची काय खबर? बाकी इंटरनेट झकास, पिंग झकास. मग जुने लोक आत कसे शिरत होते? विंडोज आधी झालेल्या लॉगिनची खूण मशीनवर जपून ठेवतं, सर्व्हर सापडला नाही तर त्यावर आत घेतं. मेल आणि कामाची बाकी साधनं ब्राउझरमध्ये, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. नव्या पोरांच्या लॅपटॉपवर जपलेलं काहीच नव्हतं. म्हणजे त्या मजल्यावर खरं काय ते सांगणारे हे चौघेच, आणि बोलणी खाल्ली त्यांनीच.

एनएसलुकअपने एसआरव्ही विचारला, रिकामं उत्तर आलं. डीएचसीपीतली एक ओळ बदलली, आयपी रिन्यू केला, चौघेही आत. सगळी मिळून वीस मिनिटं.

हाफ डेबद्दल एचआरला मेल टाकली. शुक्रवारी उत्तर आलं: तिकिटावर कारण 'युजर एरर' आहे, हेल्पडेस्कने ते बदललं तर बघू. हेल्पडेस्क म्हणतं, बंद झालेलं तिकीट बदलता येत नाही. मी नवं तिकीट टाकलंय.