दोन ऑगस्टची मुदत

(सगळ्या वेळा वॉशिंग्टनच्या. आपली वेळ साडेनऊ तास पुढे.)

सोमवार, 16 मे 2011

अमेरिकी सरकारची कर्जमर्यादा 14.294 लाख कोटी डॉलर. ती आज काठोकाठ भरली. अर्थमंत्री टिमथी गाइटनर सरकारी नोकरांच्या निवृत्तिनिधीतली नवी गुंतवणूक तात्पुरती थांबवतात आणि जाहीर करतात, की अशी ओढाताण 2 ऑगस्टपर्यंत पुरेल.

ही व्यवस्थाच चमत्कारिक आहे. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, खर्चाला मंजुरी देते, कर ठरवते. आणि त्या दोहोंमधली तूट भागवायला कर्ज काढायचं म्हटलं, की परवानगी पुन्हा वेगळी. आपल्याकडे अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर असं दुसरं दार ठोठावावं लागत नाही. तिकडे मात्र हे मतदान म्हणजे विरोधकांना सरकारला चार शब्द सुनावायची हक्काची संधी. 2006 मध्ये सिनेटर बराक ओबामांनीही मर्यादावाढीच्या विरोधात मत दिलं होतं. पण तेव्हा वाढ अखेर मंजूर होणार, हे गृहीत असायचं. 2010 च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात 63 जागा कमावल्या. त्यांतल्या टी पार्टीवाल्यांपैकी, म्हणजे सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीतून आलेल्यांपैकी, बऱ्याच जणांना ते गृहीतच मान्य नव्हतं.

प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी आठवड्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये अट सांगून टाकली आहे: मर्यादा जेवढी वाढवाल, त्याहून जास्त खर्चकपात हवी.

मंगळवार, 31 मे

रिपब्लिकन स्वतःच विनाअट वाढीचं विधेयक आणतात आणि स्वतःच पाडतात, 318 विरुद्ध 97. मतदान शेअर बाजार बंद झाल्यावर. धमकी ओबामांना ऐकू जावी, पण वॉल स्ट्रीटला जाऊ नये, असा हिशेब.

शुक्रवार, 22 जुलै, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास

बेनर फोनवरून राष्ट्राध्यक्षांना सांगतात, की बोलणी संपली. दोघे गुपचूप एका मोठ्या सौद्यावर आले होते: खर्चकपात, पेन्शन-आरोग्य योजनांना कात्री आणि 800 अब्ज डॉलर जादा महसूल. मग ओबामांनी आणखी 400 अब्ज मागितले. बेनर म्हणतात, त्यांनी शब्द फिरवला. व्हाइट हाउस म्हणतं, ती फक्त विचारणा होती, सभापतींना स्वतःचा पक्षच सांभाळता येत नाही. माझ्या मते दुसरं कारण जास्त खरं. करवाढीचा 'क' जरी उच्चारला असता, तरी बहुमताचे नेते एरिक कँटर आणि त्यांच्यामागचे नवे सदस्य बेनर यांच्या हातातून निसटले असते.

उरले अकरा दिवस.

सोमवार, 25 जुलै, रात्री 9

आधी ओबामा, लगेच बेनर. दोघांची देशाला उद्देशून भाषणं. नवं काही नाही.

गुरुवार, 28 जुलै, संध्याकाळ

बेनर यांचं स्वतःचं विधेयक मतदानाला येणार. सभागृहात 240 रिपब्लिकन. डेमोक्रॅट मत देणार नाहीत, म्हणजे पंचवीसएक जण फुटले की खेळ खलास. चर्चा सुरू होते आणि मध्येच थांबते. वेळ काढायला सभागृहात पोस्ट ऑफिसांना नावं देण्याची विधेयकं येतात. जगातलं सगळ्यात मोठं कर्जबाजारी सरकार दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, आणि कायदेमंडळ पोस्टाच्या इमारतींच्या बारशात गुंतलेलं.

आत पिझ्झाचे खोके जातात. एकेका बंडखोराला बोलावून समजावणं चालू आहे. साउथ कॅरोलायनाचे काही सदस्य उठून जवळच्या प्रार्थनाकक्षात जातात. परत येतात तेही मत न बदलता. द्यायला बेनर यांच्या हातात फारसं काही नाही, कारण मतदारसंघांना निधी चिकटवण्याची जुनी सोय या सभागृहाने स्वतःच बंद केली आहे. 'मुदत टळली तर काय होईल' ही भीती डेमोक्रॅटांसाठी राखून ठेवली होती. आज ती आपल्याच माणसांवर वापरायची वेळ आली आणि ती लागू पडेना.

रात्री साडेदहाच्या सुमारास मतदान पुढे ढकललं जातं.

शुक्रवार, 29 जुलै, संध्याकाळ

राज्यघटनेत समतोल अर्थसंकल्पाची दुरुस्ती, ही बंडखोरांची अट घालून विधेयक 218 विरुद्ध 210 ने संमत होतं. 22 रिपब्लिकन तरीही विरोधात. सिनेट दोन-एक तासांत ते 59 विरुद्ध 41 ने बासनात गुंडाळते.

रविवार, 31 जुलै, दुपारी 1

डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांच्या योजनेला सिनेटमध्ये 60 मतं हवीत, मिळतात 50. पण खरी बोलणी आता उपाध्यक्ष जो बायडन आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्यात फोनवर चालली आहेत. जुने सहकारी, कोणाकडे किती मतं आहेत, हे दोघांना पाठ.

रात्री पावणेनऊच्या आसपास ओबामा सांगतात, समझोता झाला. दहा वर्षांत सुमारे 917 अब्ज डॉलरची कपात, मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढणार, आणि पुढची कपात बारा सदस्यांच्या समितीने शोधायची. तिला जमलं नाही, तर सरसकट कात्री. करवाढ शून्य.

सोमवार, 1 ऑगस्ट, दिवसा

मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्हचे धोरणकर्ते फोनवर बैठक घेतात. तिचं इतिवृत्त पाच वर्षांहून अधिक काळाने उघड झालं आणि त्यातून कळलं, की मुदत टळली असती, तरी रोख्यांचं व्याज आणि मुद्दल वेळेवर देण्याची तयारी झाली होती. बाकीची देणी थांबली असती. बाहेर हे अधिकृतपणे सांगितलं नव्हतं. कारण उघड आहे: व्याज मिळणारच म्हटल्यावर बाजार निवांत झाला असता आणि रिपब्लिकनांवरचा दाब गेला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तीच मूठ झाकून ठेवल्याने पेन्शनवाले म्हातारे आठवडाभर टीव्हीसमोर बसून होते, कारण 3 ऑगस्टच्या सोशल सिक्युरिटीच्या 23 अब्ज डॉलरची हमी देता येत नाही, असं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी 7 च्या सुमारास

प्रतिनिधिगृह: 269 विरुद्ध 161. डेमोक्रॅट बरोबर अर्धे, 95 बाजूने, 95 विरोधात. मतदान चालू असताना डेमोक्रॅट सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स आत येतात. जानेवारीत टूसॉनमध्ये डोक्यात गोळी लागल्यानंतर सभागृहात पहिल्यांदाच. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात; गेल्या कित्येक आठवड्यांत दोन्ही बाजू पहिल्यांदाच एकदम उठल्या असाव्यात.

मंगळवार, 2 ऑगस्ट, दुपारी 12 च्या सुमारास

सिनेट 74 विरुद्ध 26. ओबामा लगेच सही करतात. मध्यरात्रीला बारा तासही उरलेले नाहीत. शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक त्या दिवशी 265 अंकांनी पडतो.

संकट टळलं, असंच सगळे लिहितात. मॅकॉनेल मात्र त्याच सुमारास वॉशिंग्टन पोस्टला मोकळेपणाने सांगतात, की ओलिसावर गोळी झाडून पाहावी, असं आपल्यातल्या काहींना वाटलं असेल, बहुतेकांना नाही. पण या ओलिसाच्या बदल्यात खंडणी नक्की मिळते, हे आपण शिकलो.

शुक्रवार, 5 ऑगस्ट, दुपार

पतमापन संस्था स्टँडर्ड अँड पूअर्स अर्थखात्याला आपला निर्णय दाखवते. अर्थखातं त्यात सुमारे 2 लाख कोटी डॉलरची चूक काढतं. संस्था चूक मान्य करते, आकडे बदलते. निर्णय बदलत नाही.

रात्री 8 वाजून गेल्यावर

अमेरिकेचं एएए मानांकन एका पायरीने खाली, एए प्लस. 1941 पासून ते कधी उतरलं नव्हतं. चार लाख कोटींची तूटकपात हवी होती, कायद्याने जेमतेम 2.1 लाख कोटी दिली, हे एक कारण. पण निवेदनाचा रोख पैशांपेक्षा पद्धतीवर आहे: कर्जमर्यादा आणि कर्जबुडवेपणाची धमकी हीच वाटाघाटीतली हत्यारं झाली आहेत. सरकारने एकही हप्ता चुकवलेला नाही. तो चुकवू, असं तीन महिने बोललं गेलं, त्याचा हा शेरा. भारतात तेव्हा शनिवार उजाडत होता, बाजार बंद.

सोमवार, 8 ऑगस्ट, दुपारी 4

सेन्सेक्स सकाळीच तीनशेहून अधिक अंक घसरून बंद झालेला. डाऊ 634 अंकांनी कोसळतो, साडेपाच टक्क्यांहून जास्त. युरोपातल्या कर्जांची धास्तीही त्यात आहेच. घाबरलेले लोक शेअर विकून पैसा सुरक्षित जागी हलवतात, आणि ती जागा म्हणजे अमेरिकी सरकारचे रोखे, शुक्रवारी ज्यांचं मानांकन उतरवलं तेच. दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा अडीच टक्क्यांच्या खाली येतो.