एडिनबर्गची व्हिस्की फेरी : अबकारीच्या मागावर तीन तास

एडिनबर्गच्या किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्याला ‘रॉयल माइल’ म्हणतात. स्कॉटलंडच्या या राजधानीत व्हिस्कीचा इतिहास सांगणाऱ्या पायी फेऱ्या बहुधा याच रस्त्यावरून किंवा त्याला फुटलेल्या अरुंद बोळांमधून निघतात. लहानसा गट, सोबत माहीतगार वाटाड्या, दोन-तीन तासांची चाल आणि वाटेतल्या पबमध्ये बसून तीन-चार प्रकारच्या व्हिस्कीची घोटभर चाखणी, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते.

स्कॉच म्हटले की पाहुण्याच्या डोळ्यांसमोर धुक्यातले डोंगर, स्वच्छ झरा आणि त्याकाठची एकाकी भट्टी येते. बाटल्यांवरच्या चित्रांनी ही प्रतिमा पक्की केली आहे. एडिनबर्गमध्ये त्यातले काहीच दिसत नाही. दिसतात ते काळवंडलेले दगडी वाडे, पूल, न्यायालये आणि गोदामे. या फेरीचे खरे महत्त्व तिथेच आहे. व्हिस्की डोंगरात गाळली गेली असेल, पण तिचे भवितव्य शहरात ठरले, आणि ते ठरवण्यात शल्यविशारद, अबकारी अधिकारी, व्यापारी आणि काही भामटे यांचा वाटा गाळणाऱ्यांइतकाच मोठा होता. काजूचा हंगाम, भट्टी आणि अबकारी खाते यांचे नाते गोव्याच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. एडिनबर्गची कथा त्याच जातकुळीची आहे.

तिचा पहिला लिखित पुरावाच मुळी हिशेबाच्या वहीत सापडतो. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ च्या नोंदींत, राजा जेम्स चौथा याच्या आज्ञेने फ्रायर जॉन कॉर या धर्मबंधूला ‘अ‍ॅक्वा व्हिटे’ म्हणजे जीवनजल तयार करण्यासाठी आठ ‘बोल’ माल्ट दिल्याचा उल्लेख आहे. बोल हे धान्याचे जुने माप, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. ‘जीवनजल’ याच अर्थाच्या गेलिक शब्दांचे रूप झिजत जाऊन ‘व्हिस्की’ हे नाव तयार झाले. त्या काळचे हे पेय आजच्यासारखे सोनेरी नव्हते. ते पिंपात मुरवण्याची पद्धत रूढ व्हायची होती, आणि औषध म्हणून घ्यायच्या त्या उग्र अर्कात वनस्पती व मसालेही घातले जात.

औषधच असल्यामुळे त्यावर पहिला हक्क सांगितला तो वैद्यकवाल्यांनी. १५०५ मध्ये एडिनबर्गच्या नगरपरिषदेने शल्यविशारद आणि न्हावी यांच्या संयुक्त संघाला सनद दिली. या सनदेने शहराच्या हद्दीत अ‍ॅक्वा व्हिटे तयार करण्याचा व विकण्याचा एकाधिकार त्यांच्याकडे गेला. सोळाव्या शतकाच्या मध्यात बेसी कँपबेल नावाच्या स्त्रीवर हा एकाधिकार मोडल्याचा ठपका ठेवून तिला विक्री थांबवण्यास सांगण्यात आले. फेरीत या नावावर क्वचितच कोणी थांबते, हे खटकते. घरोघरी अर्क गाळणाऱ्या बायकांचा इतिहास जवळजवळ नोंदलाच गेलेला नाही. जिथे नोंद आहे, तिथे ती गुन्ह्याची आहे. शल्यविशारदांचा तो संघ मात्र पुढे एडिनबर्गच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या रूपाने नावारूपाला आला.

कर आणि पळवाट

१६४४ मध्ये स्कॉटिश संसदेने मद्यार्कावर पहिल्यांदा अबकारी कर बसवला. दर होता स्कॉटिश पिंटामागे २ शिलिंग ८ पेन्स. निमित्त होते सैन्याच्या खर्चाचे. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एकीकरण झाल्यावर करांचा फास आवळत गेला. १७२५ मध्ये माल्टवरील कराविरुद्ध ग्लासगोत दंगली झाल्या, तर एडिनबर्गच्या बिअर गाळणाऱ्यांनी कामच बंद ठेवले.

किल्ल्याच्या पायथ्याशी असलेला ग्रासमार्केट चौक हा बहुतेक फेऱ्यांचा मुक्काम. इथे १७३६ च्या एप्रिलमध्ये अँड्र्यू विल्सन या तस्कराला फाशी देण्यात आले. जमाव खवळला, कॅप्टन जॉन पोर्टियस याच्या शिपायांनी गोळीबार केला, माणसे मेली. सप्टेंबरमध्ये जमावाने तुरुंग फोडून पोर्टियसला बाहेर ओढले आणि याच चौकात लटकवले. काही वाटाडे ही घटना व्हिस्कीच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. ते बरोबर नाही. विल्सनने लुटले होते ते सरकारी कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि त्या काळच्या किनाऱ्यावरच्या तस्करीत परदेशी मालाचा भरणा मोठा होता. पण तस्कराच्या बाजूने शहर का उभे राहिले, हे समजल्याशिवाय पुढच्या शंभर वर्षांतल्या चोरट्या भट्ट्यांचा अर्थ लागत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एडिनबर्ग परिसरात परवानाधारक भट्ट्या आठ आणि विनापरवाना सुमारे चारशे असल्याचा अंदाज तत्कालीन इतिहासकार ह्यूगो आर्नोट याने नोंदवला आहे.

रॉयल माइलच्या खालच्या टप्प्यात, कॅननगेट भागात, चेसल्स कोर्ट हा शांत चौक लागतो. एके काळी अबकारी कार्यालय इथे होते. १७८८ च्या मार्चमध्ये ते फोडण्यात आले. सूत्रधार निघाला विल्यम ब्रॉडी. दिवसा तो सुतारांच्या संघाचा प्रमुख आणि नगरपरिषदेचा प्रतिष्ठित सदस्य, रात्री जुगारी आणि घरफोड्या. चोरांच्या हाती किरकोळ रक्कम लागली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ब्रॉडी फासावर गेला. दुहेरी आयुष्याच्या त्याच्या कहाणीने पुढे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनला ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ सुचले, असे मानले जाते. याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, लॉनमार्केटमध्ये, कवी रॉबर्ट बर्न्स १७८६ च्या हिवाळ्यात मुक्कामाला होता. स्कॉच मद्याची थोरवी गाणारा हा कवी पोटासाठी पुढे अबकारी अधिकारी झाला, ही गोष्ट वाटाडे आवर्जून सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे.

या फेरीतले सर्वांत बोलके स्थळ मात्र डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. १७८८ मध्ये खुला झालेला साउथ ब्रिज हा एकोणीस कमानींचा पूल आहे. त्यातली काउगेट रस्त्यावरची एकच कमान आज उघडी दिसते. बाकीच्या कमानी दोन्ही बाजूंच्या इमारतींनी झाकून टाकल्या आणि आतल्या पोकळीत अंधाऱ्या कोठड्या तयार झाल्या. १८१५ मध्ये अबकारी अधिकाऱ्यांना या पुलाच्या एका कमानीत चालू भट्टी सापडली. आत जाण्याची वाट एका निजायच्या खोलीतल्या शेकोटीमागे लपवलेली होती. पाणी वरून जाणाऱ्या नळातून वळवलेले आणि धूर शेजारच्या घराच्या धुराड्यातून सोडलेला. हजारो माणसे रोज डोक्यावरून ये-जा करत होती. आज या कोठड्यांत भुताखेतांच्या फेऱ्या जास्त चालतात. भट्टीची गोष्ट त्या भुतांपेक्षा कितीतरी सरस आहे.

१८२२ मध्ये राजा जॉर्ज चौथा एडिनबर्गला आला. तेव्हा त्याच्यासाठी खास ग्लेनलिव्हेटची, म्हणजे बेकायदा गाळलेली, व्हिस्की मिळवण्यात आली होती. पुढच्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने कर निम्म्याहून कमी केला आणि १० पौंडांत वार्षिक परवाना देऊ केला. चोरट्या भट्ट्यांचा काळ त्यानंतर ओसरत गेला. छाप्यांनी जे शतकभर साधले नव्हते, ते दर उतरवल्याने साधले.

मिश्रणाचा धंदा

कायदेशीर झालेली व्हिस्की जगभर पोहोचली ती मिश्रणामुळे, आणि मिश्रणाची कला वाढली ती एडिनबर्गच्या व्यापाऱ्यांच्या हाताखाली. अँड्र्यू अशर हे त्यातले प्रमुख नाव. त्याच्या पेढीने १८५३ मध्ये ‘ओल्ड व्हॅटेड ग्लेनलिव्हेट’ बाजारात आणली. १८६० च्या कायद्याने सातूची दमदार माल्ट व्हिस्की आणि इतर धान्यांची हलकी, स्वस्त व्हिस्की कर भरण्यापूर्वीच सरकारी कुलपाखालच्या गोदामात एकत्र करण्याची मुभा दिली. पिंपागणिक बदलणारी चव आता बाटलीगणिक एकसारखी झाली. थोड्याच वर्षांत फ्रान्समधले द्राक्षमळे फिलॉक्झेरा किडीने उद्ध्वस्त झाले, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत स्कॉचला जागा मिळाली. अशरच्या मुलाने १८९६ मध्ये संगीतसभागृहासाठी शहराला एक लाख पौंड दिले. १९१४ मध्ये उघडलेला अशर हॉल आजही मैफलींनी गजबजतो.

त्याच सुमारास बंदराच्या बाजूला, लीथमध्ये, रॉबर्ट आणि वॉल्टर पॅटिसन हे भाऊ अवाढव्य गोदामे बांधत होते. जाहिरातीसाठी त्यांनी बोलणारे पाचशे पोपट दुकानदारांना वाटल्याची आख्यायिका आहे. आतला प्रकार वेगळा होता. स्वस्त धान्य-व्हिस्कीत थोडी चांगली माल्ट मिसळून ती जुनी ग्लेनलिव्हेट म्हणून विकली जात होती, आणि तोच माल पुन्हा पुन्हा तारण ठेवून कर्जे उचलली जात होती. १८९८ च्या डिसेंबरमध्ये पेढी कोसळली आणि १९०१ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. त्यांच्या ऑर्डरींच्या भरवशावर उत्पादन वाढवलेले अनेक लहान कारखानदार त्यांच्याबरोबर बुडाले. त्या तेजीच्या शेवटी स्पेसाइडमध्ये ग्लेन एल्गिन हा कारखाना सुरू झाला. त्यानंतर त्या भागात नवा कारखाना उभा राहायला जवळपास सहा दशके लागली. पोपटांवर हसून पुढे जाणाऱ्या फेरीत हा भाग बहुधा राहून जातो.

लीथला आता ट्रामने जाता येते. वाइनच्या आयातीचे हे जुने बंदर. रिकामी झालेली पिंपे इथेच मिळत, म्हणून व्हिस्की मुरवण्याची गोदामेही इथेच वाढली. आज त्यांतल्या बऱ्याच इमारतींत सदनिका आणि उपाहारगृहे आहेत. जाइल्स स्ट्रीटवरची ‘द व्हॉल्ट्स’ ही जुनी वाइन-कोठारे मात्र १९८३ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीने जपली. शहरात गाळणेही पुन्हा सुरू झाले आहे. २०१९ मध्ये होलीरूड डिस्टिलरी एका जुन्या रेल्वे इमारतीत उघडली. २०२३ मध्ये पोर्ट ऑफ लीथ ही मजल्यांवर मजले चढवलेली उभी डिस्टिलरी बंदरावर सुरू झाली. गॉर्गी भागातली १८८५ ची नॉर्थ ब्रिटिश डिस्टिलरी तर आजही चालू आहे, पण पर्यटकांच्या नकाशावर ती क्वचितच दिसते.

चाखणी

कायद्याने स्कॉच व्हिस्की ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के असावे लागते. चाखणीचा क्रम हलक्याकडून धुरकट चवीकडे जातो. धुराचा वास येतो तो पीट या दलदलीतल्या वाळलेल्या थरावर माल्ट सुकवल्याने. आधी वास घ्यावा, मग लहान घोट, मग दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा. गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की, हा समज सोडून द्यावा, कारण रंगासाठी कॅरामेल घालण्यास परवानगी आहे.

पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडते. तिला तिथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. गोव्याच्या उष्ण हवेत हे देवदूत कितीतरी अधिक तहानलेले असतात. कुंकळ्ळीत तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट म्हणूनच थोड्या वर्षांतच परिपक्व होते. २०१२ मध्ये ती प्रथम लंडनमध्ये विक्रीला आली. उलट उसाच्या मळीच्या मद्यार्कावर बनणाऱ्या आपल्याकडच्या बहुसंख्य ‘व्हिस्की’ला ब्रिटनमध्ये ते नाव लावता येत नाही, कारण तिथल्या व्याख्येत व्हिस्की धान्याचीच असते. २०२२ मध्ये भारताने फ्रान्सला मागे टाकून बाटल्यांच्या संख्येत स्कॉचचा सर्वांत मोठा ग्राहक होण्याचा मान मिळवला. तोही १५० टक्के आयातशुल्क असताना. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात हे शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे.

फेरीला जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक बाबी. मद्यपानाचे वय १८ आहे आणि वयाचा पुरावा मागितला जातो. पबमधले एक माप २५ किंवा ३५ मिलिलिटरचे असते. २५ मिलिलिटरच्या चार चाखण्या म्हणजे सुमारे चार युनिट अल्कोहोल, आणि ब्रिटनची आरोग्य मार्गदर्शक मर्यादा आठवड्याला १४ युनिट आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी पोटभर जेवावे. स्कॉटलंडमध्ये वाहनचालकाच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा २०१४ पासून १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे इंग्लंडपेक्षा कडक आहे. चाखणीनंतर गाडीला हात लावू नये. दगडी पायऱ्या उंच-सखल आणि पावसात निसरड्या असतात, तेव्हा पायांत चांगले बूट हवेत. नाव नोंदवताना फेरी रॉयल माइलवरच संपते की लीथपर्यंत जाते, हे विचारून घ्यावे. पॅटिसनांची गोष्ट लीथमध्ये उभे राहूनच नीट कळते.