‘डिस्गस्ट’: जिभेवर जन्मलेला शब्द

कारल्याची भाजी पानात पडली की हल्लीची मुलं नाक मुरडून ‘डिस्गस्टिंग’ म्हणतात. घरातल्या मोठ्यांना ते फार जहाल वाटतं. पण शब्दाचं कूळ पाहिलं तर मुलं तो अगदी नेमका वापरत असतात. लॅटिनमध्ये ‘गुस्तुस’ म्हणजे चव. त्याला नकाराचा ‘दिस्’ लागला आणि फ्रेंच-इटालियनच्या वाटेनं हा शब्द १६ व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. किळस इंग्रजांना त्याआधीही येत होती. शेक्सपिअरच्या नाटकांत ओंगळ गोष्टींना तोटा नाही, मात्र हा शब्द त्यानं वापरलेला नाही.

‘गुस्तुस’च्या मुळाशी जो प्राचीन धातू आहे, त्याचा अर्थ चाखणं, पसंत करणं. संस्कृतात तोच ‘जुष्’ झाला. गीतेतल्या ‘अनार्यजुष्ट’मध्ये तो भेटतो. इराणी शाखेत त्यातूनच ‘दोस्त’ निपजला आणि फारसीबरोबर मराठीत येऊन कायमचा राहिला. म्हणजे ‘दोस्त’ आणि ‘डिस्गस्ट’ एकाच घराण्यातले.

इंग्रजीत आल्यावर हा शब्द बराच काळ सौम्य होता. नाराजी, नापसंती, मन उतरणं एवढाच त्याचा भार. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) नाचाच्या समारंभात डार्सीच्या तुसडेपणामुळे लोकांना त्याच्याबद्दल जे वाटतं, त्याला तिनं हाच शब्द योजला आहे. तिथे कुणालाही ओकारी आलेली नाही. आजही कुणी ‘इन डिस्गस्ट’ राजीनामा दिला, तर त्याला उबग आलेला असतो, वीट आलेला असतो. अशा ठिकाणी ‘किळस’ लिहिणारा अनुवादक चुकतो.

शब्दाचं शरीराशी असलेलं नातं पुन्हा ठळक केलं ते डार्विननं. भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ च्या ग्रंथात त्यानं टिएरा डेल फ्यूगोतला एक प्रसंग नोंदवला आहे. तो डब्यातलं थंड मांस खात बसला होता. तिथल्या एका आदिवासीनं त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याचा मऊपणा जाणवताच त्याला शिसारी आली. इकडे त्या माणसाचं बोट लागलं म्हणून डार्विनला अन्न नकोसं झालं. त्या माणसाचे हात घाणेरडे दिसत नव्हते, हेही त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. मला या नोंदीचं मोल फार वाटतं. मांसाची किळस आणि माणसाची किळस, दोन्ही एकाच पानावर समोरासमोर बसल्या आहेत.

पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं. रसाला काही अपाय नव्हता, तरी लोकांना तो नकोसा झाला. एकदा स्पर्श झाला की बाट लागली, अशीच मनाची समजूत.

आपल्याकडे भरतानं बीभत्स रसाचा स्थायीभाव ‘जुगुप्सा’ सांगितला. हा शब्द ‘गुप्’, म्हणजे रक्षण करणं, या धातूपासून आला. इंग्रजी शब्द तोंडातून निघतो, आपला शब्द स्वतःला जपण्याच्या इच्छेतून. नासलेल्या अन्नापासून जपावं, हे योग्यच. पण ही जपणूक जिवंत माणसावर रोखली गेली, की तिच्याइतकं क्रूर काही नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. तरीही सनातन्यांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी वापरून त्याची ‘शुद्धी’ केली. प्रकरण कोर्टात गेलं आणि अस्पृश्यांचा त्या पाण्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानं मान्य करेपर्यंत १९३७ चा मार्च उजाडला.